आगाऊ पावलं

माझा नवरा हालवोर रोज दोनदा घरी यायचा. आधी त्याचा आवाज यायचा आणि अर्ध्या तासाने तो स्वतः. अंगणात ट्रॅक्टर थांबायचा, पडवीत कुणीतरी बूट आपटून बर्फ झाडायचं, लाकडी वाडग्यात किल्ली पडायची. दार उघडून बघावं तर पडवीत चिटपाखरू नाही. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात मी दहादा उठून बघितलं, मग सोडून दिलं. आवाज झाला की बटाटे शिजायला टाकायचे. ते मऊ होईपर्यंत खरा हालवोर दारात हजर व्हायचा.

आमच्या खोऱ्यात याला वार्डोगर म्हणतात. तो सगळ्यांचा नसतो. हालवोरच्या आजोबांचा होता, हालवोरचा होता. माझा नाही. मी एकदाच येते आणि एकदाच पुरेल इतका आवाज करत येते. यात घाबरण्यासारखं कुणालाच काही वाटत नाही. मी हालवोरला चिडवायची, की तुझ्यापेक्षा तुझी पावलं आगाऊ आहेत. तो हसून सोडून द्यायचा. त्याने स्वतः ती कधी ऐकली नव्हती. ऐकणार कशी, तेव्हा तो वाटेत असायचा.

मागच्या वसंतात लाकडं फोडताना हालवोर कोसळला. शहरातल्या इस्पितळात त्याच्या छातीत, डाव्या खांद्याखाली, एक यंत्र बसवलं. पेसमेकरचा थोरला भाऊच म्हणा. हृदय भलतंसलतं धावायला लागलं की आतून झटका देऊन त्याला ताळ्यावर आणायचं, हे त्याचं काम. सोबत घरी ठेवायला एक डबी दिली. इंगविल्ड नावाची तिथली नर्स फार समजूतदार पोरगी. तिने मला सगळं नीट सांगितलं: डबी पलंगाशेजारी ठेवायची, तिला हात लावायचा नाही. छातीतलं यंत्र जवळ आलं की दिवा हिरवा, नाही तर पिवळा. यंत्राकडे काही सांगण्यासारखं असलं की डबी ते ऐकते आणि आपणहून इस्पितळात कळवते.

डबीला ऐकू मात्र बेताचंच यायचं. झोपायची खोली आणि भिंतीपलीकडची पडवी, बस. हालवोर स्वयंपाकघरात जेवत असला तरी दिवा पिवळाच. पण तो पडवीत बूट काढायला बाकावर बसला, की आत दिवा हिरवा व्हायचा. त्यामुळे माझी एक गंमत झाली. पडवीत आवाज झाला की मी खोलीत डोकावायची. पिवळा दिसला तर वार्डोगर, हिरवा दिसला तर नवरा. इतक्या वर्षांनी मला साक्षीदार मिळाला होता. वार्डोगरच्या छातीत यंत्र कुठलं असायला?

नोव्हेंबरात हालवोर वरच्या रानातली तोडलेली लाकडं आणायला ट्रॅक्टर घेऊन गेला. मी नको म्हणत होते. तो म्हणाला, डॉक्टरांनी बसून राहायला सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस. अंधार पडायला आला तेव्हा मी मासे साफ करत होते. ट्रॅक्टर अंगणात थांबला. पडवीत बूट आपटले, वाडग्यात किल्ली पडली. मी बटाटे टाकले आणि सवयीने खोलीत डोकावले.

दिवा हिरवा होता. नुसता हिरवा नाही, भराभर लुकलुकत होता.

लवकर आलास की रे, असं म्हणत मी पडवीचं दार उघडलं. बाक रिकामा. वाडग्यात किल्ली नाही. अंगणात हालवोर गेल्यावर पडलेला बर्फ तसाच होता, त्यावर चाकाची एक खूण नव्हती. मी परत खोलीत गेले. दिवा लुकलुकतच होता. त्या रिकाम्या पडवीत बसलेल्या कुणाचं तरी हृदय डबी ऐकत होती, आणि मी दोघांच्या मध्ये उभी होते.

तेवढ्यात फोन वाजला. इंगविल्ड होती. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"टुरिड, हालवोर शुद्धीवर आहेत का? यंत्राने झटके दिलेत, पण हृदय ताळ्यावर येत नाहीये. ॲम्ब्युलन्स निघाली आहे, तुम्ही त्यांच्याजवळ थांबा."

मी म्हटलं, तो घरात नाही. ती म्हणाली, घरातच आहेत, डबीच्या अगदी जवळ, नाही तर निरोप आलाच नसता. पलंगामागे बघा, पडवीत बघा. मी म्हटलं, पडवीत बघूनच आले, तो वर रानात गेलाय. तिने समोरचा निरोप पुन्हा वाचला. मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखी म्हणाली, "हे काय? यावरची वेळ तर अजून व्हायची आहे. डबीचं घड्याळ पुढे गेलेलं दिसतंय."

घड्याळ पुढे गेलं नव्हतं. पुढे जायची खोड कुणाला आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. हालवोर अर्ध्या तासाने येणार, पडवीत बाकावर बसणार, आणि तिथेच त्याचं हृदय थांबणार. नेहमी पाऊल आधी यायचं, आज मरणही आधी आलं होतं. मग मी बटाट्यांखालची आच बंद केली आणि गाडीची किल्ली उचलली.

हालवोर मला रानवाटेवरच भेटला. लाकडांनी भरलेली ट्रॉली घेऊन तो रमतगमत खाली उतरत होता. मी गाडी वाटेत आडवी घातली. त्याने ट्रॅक्टर थांबवून मान बाहेर काढली. चेहरा थंडीने लाल, तब्येत ठणठणीत.

"गाडी काढ, टुरिड. भूक लागलीय."

"नाही काढत."

"का? कुणी मेलं का?"

"अजून नाही," मी म्हणाले. मग मला रडू फुटलं. मी त्याला सगळं सांगितलं. आवाज, हिरवा दिवा, रिकामी पडवी, इंगविल्ड काय म्हणाली ते.

त्याने ट्रॅक्टर बंद केला. खाली दरीत आमच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता. त्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. दुसरा कुणी असता तर मला वेड्यात काढलं असतं. पण तो याच खोऱ्यात जन्मलेला.

"मग मला जायलाच हवं," तो म्हणाला. "वार्डोगर घरी पोचला की माणसाला वाटेत अडवू नये. आजोबा सांगायचे."

"तुझे आजोबा गेले. तू उतर."

"अगं, तो आलाय म्हणजे मी आलोच समज. आज ना उद्या..."

"हालवोर, उतर खाली. नाही तर मी इथेच बर्फात बसते."

मी बसले असते. हे त्याला माहीत होतं. तो उतरला आणि मुकाट्याने माझ्याशेजारी येऊन बसला. खाली वाट फुटते, तिथे डावीकडे आमचं घर आणि उजवीकडे शहर. तिथे पोचलो तेव्हा त्याने माझ्या हातावर हात ठेवला. स्टिअरिंग ओढलं नाही, नुसता हात ठेवला. मी उजवीकडे वळले.

फोन करून इंगविल्डला सांगितलं होतं, त्यामुळे ॲम्ब्युलन्स आम्हाला पेट्रोल पंपापाशी भेटली. त्यांनी हालवोरला आत निजवलं, छातीला तारा लावल्या. तो त्यांच्याशी रानडुकरांवरून थट्टा करत होता, आणि बोलता बोलता गप्प झाला. आतलं यंत्र झटके देत राहिलं, बाहेरून त्यांनी दिले. मी रस्त्याकडेला उभी होते. जगातलं सगळं देते, फक्त हा ठेव, असं कुणाला म्हणत होते कोण जाणे. मग आतून एकजण ओरडला की परत आला.

डॉक्टर नंतर मला म्हणाले, हे घरी झालं असतं तर ॲम्ब्युलन्स पोचेपर्यंत सगळं संपलं असतं. मी ताठ मानेने घरी आले. मी नवऱ्याला मरणाच्या दाढेतून ओढून काढलं होतं, आणि तेही बटाटे मऊ व्हायच्या आत.

नाताळाच्या आधी हालवोर घरी आला. त्याच्या आधी काहीच आलं नाही. मी दिवसभर कान पडवीकडे लावून होते. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्याला धरून आत आणलं तेव्हाच तो आला हे मला कळलं. मी मनाशी म्हटलं, बरं झालं, ती पीडा टळली.

पण डबी पिवळी राहिली. हालवोर तिच्याशेजारी हातभर अंतरावर झोपायचा आणि दिवा रात्रभर पिवळा. इंगविल्डने फोनवर वायर काढून घालायला लावली, डबी उशीजवळ ठेवायला लावली. मग टपालाने नवी डबी आली, तीही पिवळीच. इस्पितळात नेलं तर तिथलं यंत्र छातीवर टेकवताच सगळं बरोबर दिसायचं. ती बिचारी गोंधळून गेली. म्हणाली, तुमच्या घराच्या भिंतीतच काहीतरी असणार.

हालवोर बदलला, असं मी म्हणणार नाही. थोडा हळुवार झाला. पूर्वी कधी कप उचलून ठेवत नसे, आता माझ्यासाठी कॉफी करायचा. चालताना आवाज मात्र होत नसे. मी वळावं तर तो मागे उभा. एकदा मी इतकी दचकले की हातातली बशी फुटली. जरा पाय वाजवत चाल की, असं मी खेकसले. तो म्हणाला, वाजवतोच आहे.

त्याची बहीण गुडरुन जानेवारीत भेटायला आली. माझी ही नणंद पोटात काही ठेवत नाही. हालवोर झोपल्यावर तिने कॉफीचा कप खाली ठेवला आणि मला विचारलं, त्या दिवशी तू त्याला वाटेत अडवलंस ना? मी म्हटलं, अडवलं आणि वाचवलं.

"वाचवलंस गं, कोण नाही म्हणतंय? पण त्या दिवशी जो घरी यायला निघाला होता, तो अजून आलेला नाही. एवढंच म्हणते."

मी तिला म्हटलं, कॉफी निवतेय. माझं डोकं फिरलं होतं. ती गेल्यावर मी झोपलेल्या हालवोरच्या छातीला कान लावला. हृदय चालू होतं. मला त्याहून जास्त काही नको होतं.

पुढचं झालं ते फेब्रुवारीत. संध्याकाळचं जेवायला बसलो होतो. स्वयंपाकघराचं एक दार पडवीत उघडतं, दुसरं झोपायच्या खोलीत. मी हालवोरला मासा वाढत होते आणि वरच्या रानवाटेवर ट्रॅक्टरचा आवाज सुरू झाला. आमचा ट्रॅक्टर शेजाऱ्याने कधीच रानवाटेवरून आणून शेडमध्ये लावला होता, त्याची बॅटरीही काढून नेलेली. आवाज जड होता, ट्रॉली भरलेली असली की येतो तसा. तो हळूहळू उतरत आला आणि अंगणात थांबला.

हालवोरने काटा खाली ठेवला.

"मला ऐकू येतंय," तो म्हणाला.

पडवीत बूट आपटले. वाडग्यात किल्ली पडली. खोलीचं दार उघडंच होतं. आतल्या भिंतीवरचा पिवळा उजेड गेला आणि हिरवा आला. आज तो लुकलुकत नव्हता. शांत, स्थिर हिरवा. निरोगी माणूस घरी आल्यावर व्हायचा तसा.

"तो मीच आहे ना?" हालवोरने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तू इथे आहेस."

त्याचा चेहरा मी मन लावून बघितला. तेच डोळे, हनुवटीवरचा तोच व्रण. लहान मुलासारखा घाबरला होता. मी त्याचा हात हातात घेतला, तो गार होता. पण त्याचा हात हिवाळ्यात गारच असतो.

वार्डोगर पडवीच्या अलीकडे कधी येत नाही. आमच्याच काय, खोऱ्यातल्या कुठल्याच घरात येत नाही. पण त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराची मूठ फिरली.

मी उठले. हालवोर नुसता माझ्याकडे बघत राहिला. दारापर्यंत जाईतो माझ्या मनात हजार विचार आले. त्यातला एकच उरला. बाहेर उभा आहे तो त्या दिवशीच्या रानवाटेवरून निघालेला, भुकेला, लाल चेहऱ्याचा माझा नवरा. मी तिथे गाडी आडवी घातली, आणि तरी तो घरी यायचं सोडून दुसरीकडे कुठे गेला नाही.

मी आतून कडी लावली.

मूठ पुन्हा एकदा फिरली आणि थांबली. त्याने दार वाजवलं नाही, हाकही मारली नाही. हालवोर कधी आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हताच. थोड्या वेळाने तो बाकावर बसल्याचा आवाज आला, दमलेला माणूस बसतो तसा. मला त्याचा इतका कळवळा आला, की दाराला डोकं टेकून मी रडले. मागून माझ्या खांद्यावर हालवोरचा गार हात पडला. त्याच्या येण्याचा आवाज मला आलाच नव्हता.

"चल, जेवण निवतंय," तो म्हणाला.

मी कडी काढली नाही. पलीकडे तो बसून होता, आणि हिरवा दिवा जळत होता.