चपलेचा नंबर

सहा महिन्यांत यांनी तिसरी चप्पल घेतली, दर वेळी एक नंबर मोठी. पाय सुजलेत, लघवीला फेस येतो, हे सांगून माझं तोंड दुखलं. काचीगुड्याच्या आमच्या दुकानात बसून यांचं एकच, "हल्लीच्या चपलाच आखूड येतात." त्यात नणंद म्हणाली, दादाचा चेहरा भरलाय, तब्येत सुधारली.

शेवटी काल मीच दुकानाचं शटर ओढलं आणि यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नडगीवर अंगठा दाबला, खळगा तसाच राहिला. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "किडन्या निम्म्याहून जास्त खराब झाल्यात. दुखण्याची गोळी घेतात का?"

"गुडघ्यासाठी. रोज दोन, दोन वर्षं झाली."

"लिहून कुणी दिली?"

"लिहून कशाला, मेडिकलवाला देतो. हे तर विसरलेच असते. मीच चहाबरोबर हातावर ठेवते. एक दिवस चुकू दिली नाही."

त्यांचं पेन थांबलं. "अहो, या गोळ्यांनीच किडन्या जातात."

यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली वाकून चपलेचा पट्टा सैल करत बसले.