सरकार बेताचं, खुर्ची घडीची

दचकू नका. मी घडीची खुर्ची बोलतेय. आवाज जरा कुरकुरता आहे, पण तो बिजागरीचा दोष. स्वभावाने मी कुरकुरी नाही. निदान फारशी नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नळ्या वाकवणारा माणूस कामात सतत काहीतरी गुणगुणत असे. मला वाटतं, तेव्हाच माझ्यात ही गुंगी शिरली. मला उघडलं की मी टक्क जागी, आणि घडी घातली की लागलाच डोळा. निम्मं आयुष्य मी स्वप्नात काढलंय, तेव्हा सांगताना काही पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

मला आणलं कुलूपवाल्याने. किल्ल्या करून देणारा, सरळ मनाचा, थोडा हट्टी माणूस. त्याच्या दुकानामागच्या खोलीत एक चळवळ सुरू झाली होती. तिचं म्हणणं एवढंच, की सरकार हवं, पण बेताचं. निमित्त झालं त्याच्या वहिनीच्या खिडकीचं. भाऊ गेल्यावर वहिनीने घरातच भट्टी लावली आणि खिडकीतून पाव विकून संसार सावरला. मग म्हणे घरच्या खिडकीलाही परवाना लागतो! नगरपालिकेच्या कचेरीची माणसं आली, खिडकीला सील ठोकून गेली, आणि गल्लीतला सकाळचा तो खरपूस वास बंद झाला. वहिनीच्या घरातली चूलही त्या खिडकीवरच चालत होती.

निवडणुकीच्या दिवसांत काय ती गर्दी! आम्ही खुर्च्या पुरायचो नाही. लोक उंबऱ्यावर, खोक्यांवर, एकमेकांच्या पायांवर. सगळ्यांत मोठा आवाज छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचा. माझ्यावर उभा राहून तो असा काही बोलायचा, की माझे पाय थरथरायचे. थोडे भारावून, थोडे त्याच्या वजनाने.

आमचा एक माणूस निवडून आला. सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या आणि सगळे आपापल्या घरी गेले. "आता तो बघेल," म्हणाले. तुम्हा माणसांची ही खोड मला कधी कळली नाही. माणूस निवडून दिला की तुम्हाला वाटतं कामच झालं.

मग माझी लांबलचक झोप. स्वप्नात खोली भरलेली असायची, पाठीला पाठ लागलेली, श्वासांची ऊब. कोणी उघडलं की समोर दोन-तीन माणसं, तीही जांभया देणारी. छत्रीवाला यायचाच बंद झाला. उलट चौकात आमची टर उडवायचा, "काय मंडळी, कितीसं कमी झालं सरकार?" आणि निवडून आलेल्याला वहिनीचं विचारलं की तो म्हणे, "पुढच्या बैठकीत घेतो."

कुलूपवाला हवालदिल झाला. चळवळीचा जोर टिकवायचा म्हणून त्याने काय करावं? नियम केले! बोलायची परवानगी द्यायला समिती, चहाला उपसमिती, आणि त्या दोघींवर नजर ठेवायला आणखी एक. माझ्या पाठीवर रंगाने आकडा घातला. खुर्ची बाहेर न्यायची तर लेखी अर्ज, असंही ठरलं.

एका सकाळी वहिनी आली. "भाऊजी, एक खुर्ची द्या. कचेरीत उभं राहून पाय भरून येतात माझे. तिथे बसायला काही नाही."

"देतो की. फक्त अर्ज..."

"अर्ज?"

"म्हणजे, समितीची परवानगी लागते, वहिनी."

वहिनीने माझ्या पाठीवरच्या आकड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कुलूपवाला कानापर्यंत लाल झाला. मग त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता तो मटकन माझ्यावरच बसला. डोळे पुसत म्हणाला, "अहो, मीच कचेरी झालो की हो!"

"झालात. आता उठा," वहिनी म्हणाली. "खुर्ची हवीय मला."

कचेरीच्या व्हरांड्यात तिने मला साहेबांच्या दारासमोर मांडलं. उंच झरोक्यांतून ऊन उतरायचं, त्यात धूळ तरंगायची, आत कुठेतरी पंखा घरघरायचा. मी जागी होते, तरी वाटायचं स्वप्नच बघतेय. वहिनी दमली की कुलूपवाला बसायचा. मग शेजारीण, मांडीवर शेंगा सोलत. मग ते जांभया देणारेही, आपसांत पाळ्या लावून. ना भाषण, ना घोषणा. साहेब येता येता विचारायचे, "आज कोण?" बसलेलं माणूस सांगायचं, "आज मी. काम तेच."

ऋतू पालटला. साहेब आधी चिडले, मग ओशाळले. निवडून आलेला आमचा माणूस माझ्यासमोरून जाताना मान खाली घालू लागला. शेवटी त्यानेच ठराव मांडला आणि घरच्या खिडक्यांना असलेली परवान्याची अट रद्द करून घेतली. सील निघालं तेव्हा वहिनी खिडकीच्या चौकटीला डोकं टेकून रडली. मला येत असतं तर मीही रडले असते.

आता माझा रंग उडालाय, एक पाय गंजलाय. पुढची निवडणूक अजून लांब आहे. मला वाटलं, संपलं आपलं काम. पण काल छत्रीवाला आला. जिन्याखालची त्याची बसायची जागा कचेरीने बंद केली होती, परवाना नाही म्हणून. त्याला मान वर करवत नव्हती.

"कोणत्या तोंडाने सांगू, वहिनी? तुमच्या वेळी मी एकदाही बसलो नाही."

"नाही बसलात," वहिनी म्हणाली. तिने ते गोड करून सांगितलं नाही.

आज सकाळी तिने भट्टी पेटवलीच नाही. जिच्यासाठी इतके महिने झिजली, ती खिडकी आपल्या हातांनी लावून घेतली, मला घडी न घालताच काखेत मारलं आणि कचेरीची वाट धरली. मागून छत्रीवाला धावत आला. "अहो वहिनी, तुमचे पाव? मी बसतो ना!"

"तुम्ही उद्या. आज मी."

दोन निवडणुकांच्या मधल्या काळात चळवळ जगते का, असं लोक विचारतात. मला भाषण येत नाही, मी फक्त वजन ओळखते. तुमच्या ओळखीचं कोणी एखाद्या बंद दारासमोर आज एकटं उभं असेल, तर येऊन मला घेऊन जा. मी काही फार जड नाही.