फिरकीचा टक

थोरलीने उमेदीची एकतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून काढली. इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि रेघ न् रेघ शाईने गिरवायची, हे तिचं काम. चुकलंच, तर दाढीच्या पात्याने शाई इतक्या हलक्या हाताने खरवडायची की कागदालासुद्धा पत्ता लागता कामा नये. तिचा हात असा बसला होता की मोठे साहेब नव्या पोरांना म्हणायचे, "बाईंची वर्तुळं बघा आणि मग कंपास उचला." पण नकाशाच्या कोपऱ्यात नावांची चौकट असायची, तिथल्या 'रचना' या घरात तिचं नाव कधीच आलं नाही. ते खालच्या 'रेखन' या घरात यायचं. गिरवायचं, बदलायचं नाही, हा तिथला पहिला नियम होता आणि एकतीस वर्षांत तिने तो एकदाही मोडला नव्हता.

आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती वाचनालयाच्या माडीवरच्या हौशी वर्गात कॉम्प्युटरवर यंत्रं जुळवायला शिकत होती, ती धाकट्या बहिणीपायी.

दोघी एकाच घरात राहायच्या. धाकटी विणायची आणि थोरली तिच्या विणण्यात खोड्या काढायची. अण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, धाकटीला एक लाकडी फिरकी करून दिली होती. ती टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळायची, लोकरीच्या लडीचं टोक दांड्याला अडकवायचं आणि हँडल फिरवायचं. मोठं चाक छोट्या चाकाला फिरवायचं आणि बघता बघता दांड्यावर गुबगुबीत गोळा तयार व्हायचा. यंदा मोठ्या चाकाचे तीन दात मोडले. मनगटं दुखत असल्यामुळे धाकटीला हाताने गोळे करवत नव्हते. थोरलीने दुकानातून नवी फिरकी आणली, तर धाकटीने ती दोन दिवसांत परत खोक्यात घातली.

"हिच्यावर नाही जमत मला."

"न जमायला काय झालं? फिरवायची तर असते."

"नाही जमत म्हटलं ना, ताई. राहू दे. या महिन्याअखेर सगळी लोकर शिवणवर्गाला देऊन टाकते."

बोलली अगदी सहज, पण दुसऱ्या दिवशी लोकरीच्या चार पेट्या खरोखरच दारापाशी येऊन बसल्या. विणकाम सुटलं की ही खिडकीत बसून नुसता रस्ता बघत राहणार, हे थोरलीला स्वच्छ दिसत होतं.

"पेट्या तिथेच असू देत," ती म्हणाली. "महिनाअखेरीच्या आत अण्णांची फिरकी तुझ्या हातात देते."

वर्ग शिकवणारी मुलगी दिवसा प्लास्टिकच्या साच्यांच्या कारखान्यात काम करायची. तिचा नियम सरळ होता: जोडणी पडद्यावर एक पूर्ण फेरा फिरली, तरच वर्गातल्या थ्री-डी छपाईच्या मशीनवर प्लास्टिकचे भाग छापून मिळतील. थोरलीला नियम आवडला. नियम असले की तिला बरं वाटायचं.

सुटे भाग काढायला तिला चार दिवससुद्धा लागले नाहीत. जुनी फिरकी पिशवीतून नेऊन तिने एकेक भाग मोजला. हँडलच्या दांडीचं टोक एका बाजूने झिजलेलं होतं. झिजलेली वस्तू आहे तशी काढायची नाही, मुळात जशी असेल तशी काढायची, ही ऑफिसची शिस्त. त्या शिस्तीने तिने टोक सरळ भरून काढलं. मग माऊसने सगळे भाग सरकवत नजरेने जागच्या जागी बसवले. चित्र असं झालं की शेजारच्या खुर्चीवर खेळण्यातली बस जुळवत बसलेले निवृत्त ड्रायव्हरकाका उठून बघायला आले.

"वा! फोटोच काढलात की, बाई."

"आजी, हँडल फिरवा बघू," शिकवणारी म्हणाली.

हँडल फिरलं. एकटंच. चाकं ढिम्म हलली नाहीत, दांडा तर हवेत होता.

"नजरेने ठेवलंय ना तुम्ही. कोण कोणाला कसं धरून आहे, हे त्याला सांगावं लागतं. ही आस या भोकात, हा दात त्या दातात. बंधनं घाला. आणि एक भाग जमिनीला बांधा, बाकीचे त्याच्या आधाराने."

थोरलीने डोळ्यांत तेल घालून बंधनं घातली. मोठ्या चाकाला अठ्ठेचाळीस दात, छोट्याला बारा, म्हणून याचा एक फेरा तर त्याचे चार. एक भाग बांधला. हँडल फिरवायला गेली, तर हँडल जागच्या जागी आणि त्याच्याभोवती शिकंजा, चाकं, टेबलाची फळी, सगळं गरगर फिरायला लागलं.

ड्रायव्हरकाका खुर्चीत मागे रेलून हसले. "बाई, स्टिअरिंग धरून ठेवलंत आणि रस्ता वळवलात!"

"तुमची बस अजून चाकांवर उभी नाही, काका. तिच्याकडे बघा," थोरली म्हणाली. पण तीही हसत होती. चूक तिला लगेच कळली होती: जमिनीला बांधायचा शिकंजा, तिने बांधलं होतं हँडल. पुढच्या खेपेला सगळं कसं सुतासारखं फिरलं. पाव फेरा, अर्धा, पाऊण, आणि खाली येताना दांडीचं टोक शिकंज्याच्या स्क्रूपाशी लालभडक होऊन अडलं.

"इथे धडकतंय," शिकवणारी म्हणाली. "माप चुकलं का?"

"माझं माप चुकत नाही," थोरली म्हणाली आणि पिशवीतून जुनी फिरकी काढून तिने ती टेबलाला आवळली. सावकाश हँडल फिरवलं. टोक खाली आलं आणि स्क्रूच्या डोक्याला घासून पुढे गेलं. टक.

पन्नास वर्षं घरात तो टक होता. फिरकी म्हटली की टक, असंच सगळे समजत आले. लाकूड जरासं वाकून वाट काढायचं, म्हणून भागत होतं. टोकाची ती झीज त्याचीच होती. अण्णांची दांडी पहिल्या दिवसापासून तीन मिलिमीटर लांब होती.

थोरलीने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग तिने आकडा खोडला आणि नवा घातला. दांडी तीन मिलिमीटर आखूड झाली. मोडला एकतीस वर्षांचा नियम. फेरा पूर्ण झाला आणि ड्रायव्हरकाकांनी भोंगा वाजवल्यासारखा तोंडाने आवाज काढला.

महिनाअखेरीला चार दिवस उरले असताना छापून आलेली नवी फिरकी टेबलाला लागली. धाकटीने लोकर अडकवली आणि हँडल फिरवायला सुरुवात केली. दहा-बारा फेऱ्यांनंतर तिचा हात थांबला.

"ताई, हिचा टक कुठे गेला?"

"काढून टाकला. ती अण्णांची चूक होती. दांडी लांब झाली होती त्यांची."

"चूक?" धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, मी वेढे मोजते कशावर? एका बाहीच्या लोकरीला साठ टक, दुसरीच्या लोकरीला साठ टक. दोन्ही बाह्या सारख्या. ती दुकानातली पण अशीच मुकी. मी काय तोंडाने आकडे मोजत बसू आणि तुझी बडबड कोण ऐकणार?"

"मग हे तेव्हाच बोलायला काय झालं होतं?"

"तू 'न जमायला काय झालं' असं विचारलंस. आवाज हवा का, असं कुठे विचारलंस?"

थोरलीला हसू आवरेना. मग ती म्हणाली, "टक हवा ना? देते. पण दांडी झिजवून नाही."

बुधवारी वर्गात तिने एक नवाच भाग काढला. बोटभर लांबीची पातळ, लवचीक जीभ. मोठ्या चाकावर एक उंचवटा ठेवला, तो फेऱ्यात एकदाच जिभेला उचलून सोडून देणार. अण्णांच्या फिरकीत असलं काही नव्हतं. गिरवायला समोर काहीच नव्हतं. शिकंजा जमिनीला बांधला, बंधनं घातली, फेरा पूर्ण केला. मग नावांची चौकट उघडली. फिरकीच्या नकाशात 'रचना' या घरात तिने अण्णांचं नाव लिहिलं होतं. जिभेच्या नकाशात तिथे स्वतःचं लिहिलं आणि 'रेखन'मध्येही तेच.

शनिवारी चाक आणि जीभ छापून आली. धाकटीने राखाडी लोकर अडकवली आणि खिडकीबाहेर बघत हँडल फिरवू लागली.

टक. टक.

"अण्णांच्यापेक्षा जरा पातळ वाजतो," ती म्हणाली.

"पातळ असू दे. दर फेऱ्याला वाजतो ना?"

धाकटी टक मोजत होती. थोरलीने फोन उचलून शिवणवर्गाला सांगितलं की पेट्या न्यायला कोणी येऊ नका, आणि मग एकेक पेटी पायाने ढकलत आतल्या खोलीत नेली.