एक डिसेंबरची हजेरी

आमच्या परळच्या कॉलेजात सव्वीस नोव्हेंबरला कार्यक्रम दोन आणि बॅनर एकच. एका बाजूला संविधान दिन, दुसऱ्या बाजूला श्रद्धांजली. साडेअकरा वाजले की मुलं तो उलटा करतात. मेणबत्त्या सेलवर चालणाऱ्या, कारण हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी. मग दोन मिनिटं स्तब्धता आणि लगेच फोटो. दरवर्षी माझं डोकं फिरतं. मी इथे इकॉनॉमिक्स शिकवतो. चिडणं हा माझा जोडधंदा आहे.

पण स्तब्धता संपल्यावर आमचे शिपाई आनंदाकाका पितळेच्या घंटेवर एकच टोला देतात, तेव्हा माझा राग कुठल्या कुठे जातो. तो आवाज लवकर विरत नाही. उंच खिडक्यांतून उतरणाऱ्या उन्हात धूळ तरंगत असते, तिच्याबरोबर तोही तरंगत राहतो. तेवढा वेळ मला वाटतं, वैभव आत्ता जिना चढून येईल.

वैभव म्हणजे काकांचा मुलगा, माझा दोस्त. २००८ साली आम्ही दोघं इथेच एफवायला होतो. त्या रात्री तो मावशीला कोकणच्या गाडीत बसवायला सीएसटीला गेला, तो परत आलाच नाही.

कॉलेज उघडलं सोमवारी, एक डिसेंबरला. मला काहीच कळलं नव्हतं. त्याचा फोन लागत नव्हता, पण त्याचा फोन तसाही कधी लागत नसे. सरांनी हजेरी सुरू केली. त्याचा नंबर सत्तेचाळीस, माझा अठ्ठेचाळीस. एक जण नसला की दुसऱ्याने प्रॉक्सी मारायची, हा आमचा करार. सत्तेचाळीस ऐकलं आणि हनुवटी छातीला टेकवून, त्याच्या घोगऱ्या आवाजात मी म्हणालो, "प्रेझेंट सर." लगेच पुढचा नंबर माझा. एकाच कोपऱ्यातून दोनदा ओ दिली तर पकडले जाणार, म्हणून गप्प बसलो. दुपारी बातमी आली, वैभव त्या रात्रीच स्टेशनात मारला गेला होता.

हजेरीपटात राहिलं ते असं: वैभवसमोर पी, म्हणजे हजर; सौमित्रसमोर, म्हणजे माझ्यासमोर, ए, गैरहजर.

वर्षभराने तो हजेरीपट रद्दीत निघाला, तेव्हा काकांनी तो उचलून आपल्या कपाटात ठेवला. "जाताना एकदा वर्गात बसून गेला," असं ते सगळ्यांना सांगत. मी ऐकायचो आणि मान खाली घालायचो. सतरा वर्षं मी भित्र्यासारखा गप्प राहिलो.

यंदा काकांचा शेवटचा सव्वीस नोव्हेंबर; महिनाअखेर ते रिटायर होणार. म्हणून त्यांची बायको, रमाबाई, पहिल्यांदाच कार्यक्रमाला आली होती. मी पाया पडलो, तर माझा हात धरून म्हणाली, "तू नेमकी त्याच दिवशी दांडी मारलीस रे. असतास तर विचारलं असतं, माझो झील, वैभव, कसो दिसत होतो."

"काकू, कार्यक्रमानंतर बोलू," एवढंच जमलं.

ध्रुव हा आमचा विद्यार्थी प्रतिनिधी. हल्ल्याच्या वेळी पाळण्यात असलेला. त्याने ठरवलं होतं, भाषणं नकोत, आपल्या कॉलेजचा मुलगा गेला, त्याची हजेरी घ्यायची. हजेरीपट त्याला काकांनीच दिला होता. स्टेजवर उभं राहून त्याने पान उघडलं.

"रोल नंबर सत्तेचाळीस. वैभव आनंदा परब."

स्तब्धता सुरू झाली, साडेतीनशे मुलांनी माना खाली घातल्या. दोघांनीच घातल्या नाहीत. काका घंटेचा हातोडा हातात धरून मागच्या दाराकडे बघत होते. रमाबाईही. दारात नुसतं ऊन होतं, पण ते दोघं त्याच्याकडे असं बघत होते, जणू तिथे कुणी चपला काढतंय.

मला ते सहन झालं नाही. माझी हनुवटी आपसूक छातीला टेकली. "प्रेझेंट सर."

मुलांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. काकांची मान मात्र हळूहळू माझ्याकडे वळली. दोन मिनिटं झाली, चार झाली. टोला पडेना. मान वर करायची कशी हे कुणालाच कळेना. सगळा हॉल उन्हात बुडून गेला. धूळ वर जात होती की खाली येत होती, सांगता आलं नसतं. मी अठरा वर्षांचा होतो आणि बाकावर माझ्या शेजारची जागा उबदार होती. मग कधीतरी घंटा वाजली.

हॉल रिकामा झाल्यावर दोघं माझ्यापाशी आले. काकांच्या हातात हजेरीपट होता.

"तो नव्हता, काका. मी होतो," मी म्हणालो, आणि सरळ रडायलाच लागलो. "काकू, मला माफ करा. मी प्रॉक्सी मारली. मला माहीत नव्हतं हो."

रमाबाई बाकावर बसली. मग म्हणाली, "आवाज मात्र तसोच काढलंस."

मी खिशातलं पेन काढलं. "तो पी खोडतो, काका."

"त्येका हात लावू नको." काकांनी पेन माझ्या हातातून घेतलं. चष्मा सावरला. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो हजेरीपट वर्गावर्गात पोचवले होते, पण त्यात अक्षर लिहायचा त्यांना हक्क नव्हता. त्यांचं बोट सत्तेचाळीसवर थांबलं, मग एक ओळ खाली उतरलं. अठ्ठेचाळीससमोरचा ए त्यांनी एका आडव्या रेघेने खोडला आणि शेजारी सावकाश पी लिहिला. खाडाखोड केली की बाजूला सही करायची, हा ऑफिसचा नियम. त्यांनी सही केली.

"तू होतंस ना त्या दिवशी?" ते म्हणाले. "मग गैरहजर कसो?"