बिस्किटसाठी एक काडतूस

माणूस दोनदा जन्माला येतो: एकदा आईच्या पोटी आणि दुसऱ्यांदा पहिली लिव्हरवाली रायफल खांद्याला लावतो तेव्हा. हे वाक्य मी चौतीस वर्षं दुकानाच्या काउंटरमागून गिऱ्हाइकांना ऐकवलं. त्यातल्या एकानं त्या रायफलीनं स्वतःच्याच ट्रकचा आरसा उडवला, दोघांनी आठवड्याभरात ती परत आणून दिली, आणि आमचे पाद्रीबाबा तिच्यावर अजून टोमॅटोचा वेल चढवतात. वाक्य मी बदललं नाही. त्याच्यावर माल खपत होता.

आता मी निवृत्त आहे, म्हणजे काउंटरच्या मागे उभा राहायचो तो पुढे स्टुलावर बसतो. दुकान कॉर्लिसचं. तिच्या सासऱ्यानं काढलेलं. कुंपणाची तार, गुरांचं मीठ आणि बंदुका, सगळं एकाच छपराखाली. गिऱ्हाइकांना सल्ला मी फुकट देतो. "म्हणूनच मला परवडत नाही," असं कॉर्लिसचं म्हणणं.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी आर्विड आला. आर्विडनं आमच्या शाळेत बत्तीस वर्षं संगीत शिकवलं. खोऱ्यातला प्रत्येक माणूस त्याच्याकडून ट्रम्पेट शिकलाय आणि एकालाही तो वाजवता येत नाही. पन्नाशीत मीसुद्धा गेलो होतो. गुरं, कुरण, कुंपण हे सगळं त्याची बायको इंगा बघायची. इंगा मार्चमध्ये गेली.

"मर्विन, लिव्हरवाली रायफल हवी रे," आर्विड म्हणाला. "आणि काडतूस. एक."

आमच्या दुकानात एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही. कुणी एकच काडतूस मागितलं, तर काहीही विकायचं नाही. आधी कॉफी ओतायची आणि माणसाला बसवायचं. कॉर्लिसनं थर्मास उघडलाही होता. मी खुर्ची पुढे ओढली. दोघंही एकदम हवापाण्यावर बोलायला लागलो.

आर्विडनं आमच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या लक्षात आलं.

"अरे, माझ्यासाठी नाही. बिस्किटसाठी. मला रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचाय."

"म्हणजे जीव आमचा जाणार," मी म्हणालो. तो हसला. कॉफी मात्र आम्ही त्याला पाजलीच.

बिस्किट ही इंगाची घोडी. वय एकतीस. दाढा गेलेल्या, चारा भिजवून द्यावा लागतो, बरगड्या लांबूनसुद्धा मोजता येतात. आमच्याकडे अशा घोड्याला आणखी एक हिवाळा दाखवत नाहीत. मोठा बर्फ पडायच्या आत मालक त्याला वर कड्यावर नेतो आणि आपल्या हातानं मोकळं करतो. गुरांच्या डॉक्टरची सुई सोपी. पण त्या सुईचं औषध अंगात राहतं, आणि ते मांस खाल्लेला गरुडही मरतो. इंगाचे आधीचे चारही घोडे कड्यावर उघड्यावर गेले. त्यांच्या शेपटीच्या केसांच्या चार वेण्या तबेल्यात चार खिळ्यांना टांगलेल्या आहेत. पाचवा खिळा फेब्रुवारीत तिनं स्वतः ठोकला होता, धाप लागत असताना. "बिस्किटचं तू कर," असं ती आर्विडला म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. ती तुला ओळखते."

"इंगाची रायफल होती ना?" कॉर्लिसनं विचारलं.

"तिच्या भावानं नेली. अंत्यविधीच्याच दिवशी, आठवण म्हणून. फ्रीजरमधलं अर्ध्या बैलाचं मांसही नेलं."

"तेही आठवण म्हणून?"

"तसंच म्हणाला."

"पण लिव्हरवालीच कशाला?" मी विचारलं.

"लग्नाच्या फोटोत इंगाच्या हातात तसली होती. माझ्या हातात फुलं."

कॉर्लिस माझ्याकडे वळली. "मर्विन, तूच जा की घोडीला घेऊन. एवढी वर्षं तोंड चालवतोयस, एकदा हात चालव."

"मला काय, मी कधीही तयार," मी म्हणालो. आर्विड लगेच "नको, तिनं मला सांगितलंय" म्हणाला, तेव्हा मी मनातल्या मनात देवाचे इतके आभार मानले, की त्यालाही संशय आला असेल.

रायफल निवडायला दहा मिनिटं लागली. थर्टी-थर्टी मापाची, अक्रोडाचा दस्ता, मुठीखालचा लिव्हर खाली-वर केला की काडतूस चढणारी, आमच्या बापजाद्यांपासून चालत आलेला नमुना. खरा गोंधळ पुढे झाला.

बुधवारी तो काडतुसांची पेटी घेऊन आला, पलीकडच्या गावातल्या दुकानातून घेतलेली. मी उघडून बघितली तर सगळ्या गोळ्या टोकदार.

"अरे बाबा, ही या रायफलीत चालत नाहीत!" मला व्याख्यान द्यायला एवढं पुरतं. "इथे नळीखाली दुसरी नळी असते. तिच्यात काडतुसं एकामागे एक झोपतात, एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाला. बुडाशी ठिणगीची टोपी असते. धक्का बसला आणि टोक टोपीत घुसलं, तर तुझ्या हातातच दिवाळी. म्हणून चपट्या तोंडाची घ्यायची. हे पहिल्या दिवशी नाही का सांगितलं तुला?"

"सांगितलंस," आर्विड म्हणाला. "पण चपटी बघितली रे मी. ठोंब्यासारखी दिसते. मला वाटलं, टोकदार असली म्हणजे कमी दुखेल. सुईसारखं."

व्याख्यानाचं माझ्याकडे आणखी बरंच शिल्लक होतं. ते तिथेच राहिलं. कॉर्लिस पाठ फिरवून फळीवरचे डबे नीट लावत बसली. ते आधीच नीट होते. चपट्या तोंडाची एक पेटी मी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "हिनं तिला कळणारसुद्धा नाही." ते खरं आहे का, हे मला तरी कुठे माहीत होतं.

त्यानंतर आर्विड रोज यायला लागला. गुरुवारी खांद्याचा पट्टा घेतला. शुक्रवारी तो परत आणून रुंद घेतला. मग दस्त्यावर चढवायची चामड्याची पिशवी, काडतुसांना नऊ कप्पे असलेली. मग लिव्हरभोवती गुंडाळायची दोरी, बोटं गारठू नयेत म्हणून. सफाईची सळई, ब्रश, तेल. खोगिराला लावायचं म्यान. त्याला घोड्यावर बसता येत नाही.

"एका काडतुसाला नऊ कप्पे?" कॉर्लिसनं विचारलं.

"असू देत," आर्विड म्हणाला.

"आणि हे म्यान? बिस्किटवर खोगीर घालून तिलाच..."

"कॉर्लिस," मी म्हणालो.

तिनं म्यान कागदात गुंडाळून दिलं. आर्विड तो दिवस पुढे ढकलतोय, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मी कॅटलॉग उघडून आणखी काहीतरी सुचवत होतो. सल्ला देणाऱ्यालाही तो दिवस नकोच होता.

शेवटी पुढच्या आठवड्यात रेडिओवर सांगितलं, रविवारी पहाटेपासून दीड फूट बर्फ. त्या शुक्रवारी त्यानं दुर्बीण मागितली, रायफलीवर बसवायची. "चूक नको व्हायला," म्हणाला. "नीट दिसायला हवं." मी त्याला दुकानातली सर्वांत चांगली दिली. तिच्यातून पलीकडच्या डोंगरावरच्या हरणाच्या पापण्या दिसतात. माझ्या हातानं बसवून दिली. "उद्या चलशील?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो.

शनिवारी दुपारी आम्ही तिला वर नेलं, पायीच. वाटेत बिस्किट तीनदा थांबली, आम्ही पाचदा. कड्यावर गवतात जुनी हाडं होती, पांढरी, उन्हापावसात धुतलेली. आकाश शिसाच्या रंगाचं. आर्विडनं खिशातून डबा काढला. किसलेलं सफरचंद. डबा चाटूनपुसून संपवेपर्यंत तो तिच्याशी बोलत होता, काय ते मी ऐकलं नाही. मग त्यानं डोळे पुसले, दोन हात मागे सरकला, रायफल वर केली. हात अजिबात हलत नव्हता. मला त्याचा अभिमान वाटला.

बराच वेळ काही झालं नाही.

"मर्विन."

"काय रे?"

"मला नुसते केस दिसतायत."

मी जाऊन दुर्बिणीला डोळा लावला. तांबूस धुकं होतं. दोन हातांवरच्या घोडीसाठी मी त्याला डोंगरापलीकडचं बघायची दुर्बीण विकली होती. चौतीस वर्षांचा अनुभव! बिस्किट आमच्याकडे बघत डब्याची आठवण चघळत उभी होती.

"आर्विड," मी म्हणालो, "मी कधी घोडा मारलेला नाही. हरणं मारलीत. घोडा एकही नाही."

"माहितीये रे. तू ट्रम्पेटही असाच शिकलास. पुस्तक पाठ, फुंकर नाही."

पाव डॉलरच्या नाण्यानं स्क्रू सैल करून मी दुर्बीण काढली आणि गवतात ठेवली. तोवर वाऱ्यात पहिले कण उडायला लागले होते. त्यानं पुन्हा रायफल उचलली. लिव्हरचा आवाज झाला, खाली आणि वर. बिस्किटनं त्या आवाजाकडे कान वळवले. इंगाच्या तबेल्यात तिनं तो आयुष्यभर ऐकला असणार.

गोळीचा आवाज खोऱ्यात फिरून परत आला. तिचे पुढचे गुडघे आधी वाकले, मग सगळी ती. चपट्या गोळीबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. आर्विड तिच्या मानेवर हात ठेवून बसला. मीही बसलो, जरा लांब. बर्फ तिच्या पाठीवर पडून आधी वितळत होता. मग वितळायचा थांबला.

अंधार पडायच्या आत उतरायला हवं, म्हणून मी सामान गोळा केलं. म्यान, दुर्बीण, दस्त्याच्या पिशवीत आठ काडतुसं. आर्विड तिच्या शेपटीपाशी गेला. लांब केसांची एक बट त्यानं वेगळी काढली, मुठीत धरली. दुसऱ्या हातानं त्यानं कोटाचे खिसे चाचपले. सळई निघाली, ब्रश निघाला, तेलाची बाटली निघाली. पुन्हा एकदा सगळे खिसे बघून झाले.

"मर्विन," तो म्हणाला, "तुझ्याकडे कात्री आहे का रे?"