नातीला बघायला

"पुन्हा एकदा म्हण," रुमेना फोनमध्ये म्हणाली. "कशासाठी आलात?"

"नातीला बघायला."

"किती दिवस?"

"तीन आठवडे. परतीचं तिकीट पर्समध्ये आहे, पर्स गळ्यात आहे, आणि गळा अजून जागेवर आहे."

"आई, थट्टा नको. दिवसभर काय करणार, असं विचारलं तर?"

पलीकडून बल्गेरियातल्या सोफियाच्या विमानतळावरची कसली तरी घोषणा ऐकू आली.

"आई?"

"हे बघ, बाकीचं सगळं पोपटासारखं म्हणेन. पण मी लेकीकडे नुसती बसून खाणार, असं परक्या माणसापुढे म्हणायला माझी जीभ वळत नाही."

"वळव. समुद्र बघणार, फिरणार, यानाशी खेळणार. काम हा शब्द काढायचाच नाही. स्वयंपाक नाही, पोर सांभाळणं नाही, काही नाही."

"पोर सांभाळणं हे काम कधीपासून झालं गं?"

"हे इंग्रज लोक युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून."

आई हसली. रुमेनाला हसू आलं नाही. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिने रेनकोटाच्या आतल्या खिशात ठेवला, रबरी हातमोजे ओढले आणि पुन्हा सरीत वाकली. डॅफोडिलची कळी हिरवी, घट्ट मिटलेली असतानाच देठाशी खुडायची, दहांची जुडी करायची, मनगटावरचं रबर सरकवून ती बांधायची, सरीत ठेवायची, पुढे जायचं. पिवळा रंग दिसायला लागला की उशीर झाला म्हणून समजायचं. उमललेलं फूल बाजारात कुणी घेत नाही.

"बसली का म्हातारी विमानात?" मागच्या सरीतून गीनाने विचारलं. गीना पन्नाशीची, टोळीतली सगळ्यात जुनी. तिच्या मनगटांवर देठांच्या चिकाने कायमचे लाल चट्टे पडले होते.

"बसेल आता."

"मग तोंड असं का केलंयस? तुझी आई आहे ती, काही तस्करी करत नाहीये."

"तिला गप्प बसता येत नाही, गीना."

"ते खरं," गीना म्हणाली. "एकदा तिने मालकाला बटाटे कसे लावायचे ते शिकवलं होतं. बल्गेरियनमध्ये. आणि त्याला ते कळलंसुद्धा."

इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या या टोकाला रुमेना आली तेव्हा तिच्या हातात भूगोलाची पदवी होती आणि एका हंगामाचा बेत होता. तेव्हा टोळीत साठ माणसं असायची. तिची आई स्तोयांकाही सहा हंगाम आली. जानेवारीत यायची, खुडायची आणि एप्रिल लागला की परत पळायची, कारण गावी टोमॅटोची रोपं लावायची असत, द्राक्षाचा मांडव छाटायचा असे. ज्यांनी इथे मुक्काम ठोकला त्यांना ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावरही राहता आलं. रुमेना राहिली. दरवर्षी इमानाने घरी जाणारी आई मात्र एका वर्षात परकी पाहुणी झाली.

आता टोळी पंचवीसची होती आणि रुमेना तिची मुकादम. बढती म्हणावी तर होती, पण वरचे सगळे निघून गेले म्हणून मिळालेली. नवरा प्लामेन ट्रक चालवायचा. बंदरावर कागदांच्या रांगा वाढल्या तशी त्याच्या कंपनीने गाड्याच हॉलंडला हलवल्या, आणि तो महिन्यातून एकदा येऊ लागला. राहिली चार वर्षांची याना. तिला शेजारच्या कॅरव्हॅनमधली इव्हा सांभाळायची, पण इव्हाने सामान बांधलं होतं. शनिवारी ती नवऱ्यामुलांसह कायमची गावी निघाली होती. शेतात मुलं आणायला परवानगी नव्हती. काम नाही तर कॅरव्हॅनही नाही, कारण चाकांवरचं ते घर शेताच्या मालकीचं. म्हणजे आज गुरुवारी आई पोचली तर निदान तीन आठवडे सगळं जागच्या जागी राहणार होतं. नाही पोचली तर काय, हे वाक्य रुमेना मनातसुद्धा पुरं करत नसे.

तिला हल्ली सगळ्याचीच धास्ती वाटे. बसमध्ये याना बल्गेरियनमध्ये मोठ्याने गाणं म्हणू लागली की ती आधी आजूबाजूचे चेहरे बघे. कुणी काही बोललेलं नसे. तरी ती मुलीच्या कानाशी लागून म्हणे, "हळू, राणी, हळू."

दहाच्या सुमाराला मालक आला. अँग्विन उंच, वाकलेला, सत्तरीकडे झुकलेला. तो बांधावर उभा राहून वरच्या शेताकडे बघत होता.

"रुमेना, वरचं कधी धरणार?"

"माणसं कुठे आहेत? हे संपलं की उद्या."

"ऊन बघ कसं पडलंय. उद्यापर्यंत ते थांबायचं नाही."

"मग मत देताना उन्हाला विचारायचं होतं ना, मालक," गीना खालूनच म्हणाली. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण टोमणे सगळे अस्खलित होते.

अँग्विनने टोपी काढून डोकं खाजवलं. "मी तुमच्याविरुद्ध मत दिलं नव्हतं, गीना. कितीदा सांगू? मला वाटलं, तुम्ही तर असालच."

"आम्ही म्हणजे काय हो, पाऊस?"

तो हसला, पण लगेच रुमेनाकडे वळला. "तुझी आई आज येतेय ना? बरं होईल. माझ्या बायकोने केक केलाय."

माणूस वाईट नव्हता. रुमेनाला त्याचाच जास्त त्रास होई. वाईट असता तर निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या.

विमान दुपारी ब्रिस्टलला उतरलं. ते रुमेनाने फोनवर पाहिलं. मग अर्धा तास गेला, तास गेला. आईचा फोन बंद होता. सामान आलं नसेल. रांग मोठी असेल. संडासाला गेली असेल. तिने पाव खाल्ला नाही. जुड्या बांधताना दोनदा नऊच देठ धरले. गीनाने ते पाहिलं आणि त्यात एकेक देठ घातला.

फोन वाजला तो अनोळखी नंबरवरून. हातमोजा दाताने ओढताना चिकाची कडू चव तोंडात गेली.

बोलणारा पुरुष होता. आवाज तरुण, अतिशय नम्र. त्याने विमानतळावर परदेशी प्रवासी तपासणाऱ्या खात्याचं नाव सांगितलं. "स्तोयांका इलिएवा तुमच्या आई का?"

"हो. बरी आहे ना ती?"

"अगदी बऱ्या आहेत. चहा दिलाय. दोन-तीन गोष्टी विचारायच्या होत्या. त्यांच्या बॅगेत लाल-पांढऱ्या धाग्याचे गोंडे सापडले. पुष्कळ, साठ. विकायला आणलेत का?"

रुमेनाने डोळे मिटले. आईने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. "नाही, नाही. एक मार्च जवळ आला ना. त्या दिवशी आम्ही आपल्या माणसांच्या मनगटाला तो धागा बांधतो. वर्ष सुखाचं जावं म्हणून."

"साठ माणसांच्या?"

"ती... जास्तच आणते नेहमी."

"त्या म्हणाल्या, माझ्या टोळीसाठी आहेत. ही कुठली टोळी?"

वारा सुटला होता. रुमेना त्याला पाठ करून उभी राहिली. "ती पूर्वी इथे फुलं खुडायची. तेव्हा चालायचं. त्या वेळच्या ओळखीची माणसं."

"समजलं. आता काय करणार, असं आम्ही विचारलं. दुभाष्यामार्फत. त्या म्हणाल्या," कागदाचा आवाज आला, "नातीला सांभाळीन, म्हणजे लेकीला कामावर जाता येईल. आणि माणसं कमी पडली तर दोन सऱ्या मी पण ओढीन, मला काही धाड भरलेली नाही." त्याने कागद खाली ठेवला. "बाई, ही सगळी कामंच झाली. पाहुण्यांना त्याची परवानगी नसते."

"ती तसंच बोलते. तिला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग त्या गोंधळल्या असतील असं तुम्हाला वाटतं का?" त्याने आवाज थोडा खाली आणला. तो तिला दार किलकिलं करून देत होता, हे रुमेनाच्या ध्यानात आलं. "कधी कधी या वयात होतं तसं. घरच्यांनी सांगितलं तर आम्ही विचारात घेतो."

गीना सरीत उभी राहून तिच्याकडे बघत होती. खाली कॅरव्हॅनांच्या रांगेत याना इव्हाच्या दोरीवरचे कपडे ओढत होती. इतक्या दूरवरूनही तिची लाल टोपी दिसत होती.

"हो," रुमेना म्हणाली. "तिचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. काहीही बोलते. विसरते. तिच्या बोलण्यावर जाऊ नका."

"थँक यू," तो म्हणाला. त्याच्या आवाजावरून त्याला खरोखर बरं वाटलेलं दिसलं. "मी त्यांना दुभाष्यामार्फत विचारून घेतो आणि साहेबांना सांगतो."

"आईला सांगायलाच हवं का, मी काय म्हणाले ते?"

पण फोन बंद झाला होता.

त्यानंतर तिने काम केलं, भराभरा केलं. उन्हं कलली तेव्हा आईचा फोन आला.

"मला परत पाठवतायत," आई म्हणाली. "सातच्या विमानाने. जेवण मात्र दिलं हो, सँडविच. गार."

"आई..."

"त्या मुलाने मला विचारलं, तुम्हाला विसरायला होतं का? म्हटलं, कोण म्हणतं? तो म्हणाला, तुमची लेक."

"आई, मी फक्त..."

"कळलं मला. गप्प. मला कळलं तू का म्हणालीस ते. मी सुद्धा गप्प बसायला हवं होतं. ठरवलंही होतं. पण अगं, ते टेबलापलीकडे बसून माझ्याकडे असं बघायला लागले ना, म्हातारीकडे बघतात तसं. म्हटलं, विचारा काय विचारायचं ते. तुमच्या पंतप्रधानापासून माझ्या कोंबड्यांपर्यंत. टेबलावर पेनं होती, ती घेऊन दहाची जुडी बांधून दाखवली त्यांना. माझं डोकं फिरलेलं नाही, म्हटलं, मी सहा हंगाम तुमच्या देशाची फुलं खुडलीत. बांधून झाल्यावर लक्षात आलं, काय केलं ते."

आईच्या मागे कुणीतरी दार उघडलं, बंद केलं.

"रागावलीस?" रुमेनाने विचारलं.

"थोडी. पुरेल मला विमानात." मग आई म्हणाली, "इथे एक पोरगी आहे, युनिफॉर्ममधली. तुझ्याहून लहान. माझी बॅग तिनेच पुन्हा भरली, नीट घड्या घालून. तिला एक धागा बांधला. मार्च अजून लागला नाही, तरी बांधला. आधी हात मागे घेत होती. मग इकडेतिकडे बघून बाही वर केली." आणि एकदम: "यानाला काय सांगशील?"

"बघते."

"खरं सांग. मला येऊ देत नव्हते असं सांग. आजी यायला विसरली, असं नको सांगूस."

शनिवारी सकाळी इव्हाची गाडी गेली. मागच्या काचेतून तिची मुलं बराच वेळ हात हलवत होती. रुमेना यानाचा हात धरून मुकादमाची शिट्टी आणि रबरांची पिशवी गीनाकडे द्यायला निघाली. आदल्या संध्याकाळी अँग्विन कॅरव्हॅनच्या दाराशी येऊन गेला होता. हंगाम संपेपर्यंत राहा, भाडं नको, म्हणाला. रुमेनाने आभार मानले आणि पुढच्या बुधवारी गावी आईकडे निघतोय असं सांगितलं. तो पायरीवर केकचा डबा ठेवून गेला. जाता जाता म्हणाला, "परत येशील ना?" ती म्हणाली, "मला येता येईल. पण पोरीला कोण बघेल?"

गीना टोळीसह वरच्या शेताच्या कडेला उभी होती. सगळे नुसते उभे होते. दोन दिवसांच्या उन्हात एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत शेत पिवळंधमक झालं होतं. खुडण्यासारखी एक कळी उरली नव्हती.

"हे गेलं," गीना म्हणाली. तिने शिट्टी गळ्यात अडकवली आणि यानाच्या गालाला बोट लावलं. "आजीला सांग, गीनामावशीला तिचा धागा पोस्टाने हवाय. टोळीतल्या सगळ्यांना हवाय म्हणावं." मग ती माणसांना घेऊन खालच्या शेताकडे उतरली.

याना कधीची फुलांकडे बघत होती. इतकी उमललेली फुलं तिने शेतात पाहिलीच नव्हती. "आई, आता घेतली तर चालतील?"

"चालतील," रुमेना म्हणाली. "आता कितीही घे."

रस्त्यावर एक गाडी थांबली. पांढऱ्या केसांचं जोडपं उतरलं. बाईने दोन्ही हात छातीशी धरले.

"अगं बाई, किती सुंदर! आम्ही लांबून आलो हे बघायला. आणि तुम्ही रोज इथे! नशीबवान हो तुम्ही."

रुमेना हसली.

नवऱ्याने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला. मग अगदी अदबीने म्हणाला, "माफ करा हं, पण तुम्ही दोघी जराशा बाजूला होता का? फक्त फुलं हवी होती."

"हो, हो," रुमेना म्हणाली. तिने यानाला ओंजळभर फुलांसकट उचलून कडेवर घेतलं आणि ती बाजूला झाली.

"अजून थोडं," तो म्हणाला.

ती आणखी थोडी सरकली.