शिपायाच्या टोपीची सावली

दोन इंजिनिअर मिळून किती मूर्खपणा करू शकतात, हे मला विचारा. त्यातला एक माझा नवरा शैलेंद्र, दुसरा त्याचा कॉलेजपासूनचा जिवलग मित्र हेमचंद्र. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये आमची घरं एकाच रस्त्यावर होती. ह्यूस्टनच्या तेलकंपन्यांनी तेव्हा माणसं काढायचा सपाटाच लावला होता, आणि त्यात हेमचंद्रची नोकरी गेली. शैलेंद्रची टिकली. तेव्हापासून हेमचंद्र आमच्याकडे हसायचा, पण त्याचं हसू डोळ्यांपर्यंत पोचत नसे.

सोन्याचं कासव होतं एका चित्रांच्या पुस्तकात. लेखकाने ते अमेरिकेत कुठेतरी पुरलं होतं आणि जागा चित्रांमध्ये लपवली होती. घरबसल्या कोडी सोडवायची, मग जाऊन खणायचं, आणि ज्याला सापडेल त्याचं ते. शैलेंद्रला ती नुसती गंमत. हेमचंद्रची मात्र ती नोकरीच झाली होती. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो पुस्तक उघडायचा. कासव मिळालं की मी संपलेलो नाही हे सगळ्यांना कळेल, असं म्हणायचा. मला त्याची फार दया यायची.

एकेक चित्र सुटत गेलं. टेक्ससमधलंच एक गाव सापडलं, गावातलं मैदान सापडलं, मैदानातला दगडी शिपाई सापडला. गाडी अडली ती शेवटच्या चित्रापाशी. त्यात शिपाई नव्हताच. होती फक्त त्याची लांबलचक सावली, आणि मागे आपला ओटा झाडणारी एक म्हातारी. खाली ओळ होती: शिपायाची टोपी जिथे टेकते तिथे खण. सावली सकाळची असेल तर खणायचं पश्चिमेला, संध्याकाळची असेल तर पूर्वेला. ती कधीची हे ठरवण्यात कित्येक महिने गेले. शेवटी एका बुधवारी आमच्या सोफ्यावर पाय पसरून शैलेंद्र म्हणाला, बाई झाडतेय म्हणजे सकाळच, तिन्हीसांजेला केर कोण काढतं? आम्हा सगळ्यांना ते इतकं पटलं की मी लगेच शिरा केला. शनिवारी पहाटे दोघांनी मिळून जायचं ठरलं.

गुरुवारी पहाटे शैलेंद्र एकटाच गेला. दुपारी परतला तो मातीने माखलेला आणि तोंड पाडून. खड्ड्यात काही नव्हतं. मी त्याला मनसोक्त झापलं. चोरी करायला निघाला तरी जमीन उकरण्याआधी नारळ फोडायला हा विसरला नव्हता. अर्धा तिथेच ठेवला होता, अर्धा घरी आणला होता. तो फॉइलमध्ये गुंडाळून त्याने फ्रिजमध्ये ठेवला. म्हणाला, हा हेमचंद्रचा वाटा, उद्या ऑफिसमधून आल्यावर स्वतः जाऊन सगळं सांगतो.

शुक्रवारी पहाटे हेमचंद्रही एकटाच गेला. त्याला खड्डा दिसला, आणि खड्ड्याच्या काठी नारळाचं भकल. त्या गावात नारळ फोडून खणणारा दुसरा कोण असणार? दिवसभर त्याने गाडी कुठे फिरवली देव जाणे. उन्हं कलली तेव्हा मी पोळ्या करत होते, आणि तो फावडं घेऊन मागच्या दाराने आत आला.

शैलेंद्र टेबलाशी चहा पीत होता. कासव कुठाय, असं विचारून हेमचंद्रने उत्तराची वाटही न बघता फावड्याचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. कप फुटला, खुर्ची उलटली. शैलेंद्र उठायला गेला तर छातीत लाथ बसली. काही नव्हतं रे तिथे, आईशपथ, असं तो सांगत राहिला आणि प्रत्येक शपथेला एक फटका खात राहिला. त्याचा एक दात घरंगळत माझ्या पायाशी आला.

"तुला जॉब आहे," हेमचंद्र म्हणाला. "माझ्याकडे एवढंच होतं. तेही घेतलंस."

आपणही तिथे एकटेच गेलो होतो, हे तो सोयीस्करपणे विसरला होता. मग त्याने फावडं उलटं धरलं. पात्याची कड शैलेंद्रच्या उजव्या डोळ्यावर बसली आणि तो किंचाळला. मी गॅसवरचा तवा उचलला आणि हेमचंद्रच्या मनगटावर दाबून धरला. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा फावडं त्याच्या हातून पडलं. मी घाबरले नव्हते. मला संताप आला होता, दोघांचाही. फ्रिज उघडून मी ते भकल त्याच्या छातीवर फेकून मारलं.

"घ्या भावजी, तुमचा वाटा. कालपासून ठेवलाय त्याने."

त्याने फॉइल सोडलं, आतलं खोबरं पाहिलं आणि तो मटकन खाली बसला. हुंदके देऊन रडायला लागला. शैलेंद्र डोळा दाबून पडला होता आणि त्याच्या बोटांमधून रक्त वाहत होतं. टॉवेल ओला करायला मी सिंककडे धावले. खिडकीतून समोरच्या मिसेस डॉसन दिसल्या. दिवसाचा उकाडा उतरला की त्या रोज झाडायच्या, तशा आजही आपला ओटा झाडत होत्या. त्यांची सावली पार रस्त्यापर्यंत आली होती.

माझ्यामागे हेमचंद्रचं रडणं थांबलं.

"वहिनी," तो म्हणाला, "ही बाई संध्याकाळी झाडते."

"ईस्टला," जमिनीवरून शैलेंद्र म्हणाला. "हेम्या, ईस्टला आहे ते."

आणि उरलेल्या डोळ्याने तो आपले बूट शोधायला लागला. त्याला उठवायला हेमचंद्रने भाजलेला हात पुढे केला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. फावडं उचलून मी बाहेर गेले आणि हेमचंद्रच्या गाडीची समोरची काच फोडली. मग दोन्ही दिवे फोडले. मिसेस डॉसन झाडू टाकून घरात पळाल्या. आत येऊन मी दोघांनाही मानगुटीला धरून उठवलं आणि आमच्या गाडीत मागे कोंबलं.

हायवेच्या सिग्नलला हॉस्पिटल डावीकडे होतं, ते गाव उजवीकडे. आरशात बघितलं तर दोघेही उजवीकडे बघत होते. शैलेंद्रला त्यासाठी पूर्ण मान वळवावी लागत होती, आणि पुढेही जन्मभर तशीच वळवावी लागली. फावडं मी शेजारच्या सीटवर ठेवलं होतं. दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं असतं तर मी ते वापरलं असतं. सिग्नल हिरवा झाला आणि मी गाडी डावीकडे घेतली.